दप्तरदार सर पुसत नसत

उज्जैनला फ्रीगंजात औषधाच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि या सगळ्याच्या मानाने फारच मोठी पाटी. जिना चढून येणारी निम्मी माणसं खोकल्याचं औषध मागायची. दप्तरदार सर पहिल्यांदा वर आले तेव्हा मी खिडकीपाशी बसून प्रोग्रॅम लिहीत होते. ते न बोलता माझ्या पाठीशी उभे राहिले. मग वाकून त्यांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

ओळ अगदी साधी होती. एक्स बरोबर एक्स अधिक एक. जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर दिवसातून दहा वेळा ती लिहितो.

"मी, सर."

"शोभना, मी तुला हे शिकवलं? कोणती संख्या स्वतःहून एकाने मोठी असते, बोल मला."

कॉलेजात त्यांनी मला तीन वर्षं गणित शिकवलं होतं, तेव्हा हा प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार होता. पण आता मी तिशीची होते, नोकरीत मुरले होते आणि शेजारच्या टेबलावरचे लोक हसत होते. मी म्हटलं, "सर, हे गणित नव्हे. डब्यात जे होतं त्यात एक टाकलं, बस."

"मग डब्यात आधी काय होतं ते आता कोण सांगणार?"

"कुणाला हवंय सर ते?"

त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मी त्यांना निरुत्तर केलं असं मला वाटलं आणि ती गोष्ट मी घरी जेवताना रंगवून सांगितली.

सर कॉलेजातून निवृत्त झाले आणि आमच्या मालकांनी, जैनसाहेबांनी, त्यांना हिशोबी डोक्याचा माणूस म्हणून ठेवून घेतलं. जैनसाहेबही त्यांचे विद्यार्थी. गणितात दोनदा नापास झालेले. त्या दोन्ही नापासांबद्दल त्यांच्या मनात सरांविषयी आदरच होता. "सर ने कभी झूठा नंबर नहीं दिया," असं ते अभिमानाने सांगायचे.

सरांचं घराणं उज्जैनचं, म्हणजे माझ्यासारखं वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीबरोबर येऊन पडलेलं नव्हे. पाच-सहा पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज दरबारची कागदपत्रं सांभाळायला इकडे आले, म्हणून आडनाव दप्तरदार. त्यांची मराठी ऐकून माझ्या साताऱ्याच्या मावशीला हा माणूस मराठी बोलतोय की थट्टा करतोय तेच कळायचं नाही. "मला असं लागतं," ते म्हणायचे, "की तू घाई करून राहिली." मला वाटतं असं ते आयुष्यात कधी म्हणाले नसतील. तावातावाने बोलताना वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत जाऊन थांबायचं, आणि मधे कुठे सांधा होता ते कळायचं नाही.

त्यांच्याकडे खोडरबर नव्हतं. लिहिताना चुकलं तर त्यावर एक बारीक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर लिहायचं. पत्ता सांगताना आधी कुठे राहत होतो आणि आता कुठे राहतो, दोन्ही सांगायचे. दुकानाची पाटी बदलली तर "पहिलेचं शर्मा, आता गुप्ता" असं नाव घ्यायचे. माझ्या बाबतीत तर कहर होता. लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदलून अनुराधा ठेवलं होतं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि त्या दिवसापासून शोभना संपली. सर मात्र आलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "ही आमची अनुराधा, पहिलेची शोभना." मला भयंकर राग यायचा. वाटायचं, एवढं एक नाव टाकून द्यायला या माणसाला काय होतं?

तर त्यांचं वेड. परदेशात गेलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषांवरच्या एका पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. त्या भाषांत एकदा ठरवलेली गोष्ट बदलता येत नाही. यादीत दुरुस्ती करायची तर जुन्या यादीला हात लावायचा नाही. तिच्यावरून नवी यादी करायची आणि दोन्ही ठेवायच्या. प्रोग्रॅम म्हणजे हुकूम नाहीत, नुसती फंक्शनं. एका बाजूने काही घाला, दुसऱ्या बाजूने नवं काही घ्या. साठीच्या घरातला हा माणूस ती झेरॉक्स एखाद्या परीक्षार्थी मुलासारखी वाचायचा. घरी कॉम्प्युटर नव्हता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर ते प्रोग्रॅम लिहायचे, दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणून मशीनवर चढवायचे आणि तो पहिल्या झटक्यात चालला की शेजारच्या खोलीत जाऊन जैनसाहेबांना सांगायचे. जैनसाहेब "वाह सर" म्हणायचे आणि पुन्हा फोनला लागायचे.

एकदा मात्र जैनसाहेबांनी सरळ विचारलं. "सर, ये सब किताब में ठीक है। असली काम में चलेगा क्या?"

सर खुलले. म्हणाले, फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी. "गेहूँ डालो, आटा निकलेगा। बस, इतना ही."

जैनसाहेब व्यापाऱ्याच्या पोटचे. ते म्हणाले, "पर सर, गेहूँ तो खतम हो गया न? आप तो बोलते हो पुराना रहता है."

सरांनी टेबलावर थाप मारली. मग ते एवढे हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ते सांगत होते, "जैनने आज मला पकडलं." स्वतः हरल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्याच आठवड्यात ते जैनसाहेबांना आणि मला रामघाटावर घेऊन गेले. तिथे एका पंड्याच्या ओट्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या, यजमानांच्या वंशावळींच्या. सरांनी आपल्या घराण्याची वही काढायला लावली. पानावर पान नावं. कुणी आलं, कुणाला घेऊन आलं, कुणाचे दिवस घातले. कुठेच खाडाखोड नाही. मूल झालं की खाली नवी ओळ, माणूस गेला की पुढे नवी ओळ. सर पंड्याला म्हणाले, "महाराज, गलती हो जाए तो?" तो म्हणाला, "तो नीचे लिख देते हैं कि ऊपर गलती है."

"बघ," सर माझ्याकडे वळले, "प्रॅक्टिकल नाही, असं बोलता तुम्ही. हे केव्हापासून चालू आहे?"

परत येताना जैनसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "मैडम, पंडितजी को टाइम लिमिट नहीं है न." आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. सरांचे प्रोग्रॅम अतोनात हळू चालायचे. प्रत्येक पायरीची जुनी प्रत ठेवत गेल्यावर आमच्या त्या मशीनचा जीव तो किती. आणि उद्या सर नसले तर त्यांचं लिहिलेलं वाचणार कोण? मला एक ओळ धड लागत नव्हती. मी फॉक्सप्रोवाली. माझ्या भाषेत रिप्लेस म्हणून एक हुकूम होता. एकदा मारला की हजार ओळींतलं जुनं जाऊन नवं यायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मला त्याचा फार अभिमान होता.

मग राज्याचे दोन भाग व्हायचं ठरलं. छत्तीसगढ वेगळं निघालं आणि गावात जिथे-तिथे तीच चर्चा. कोण इकडे राहणार, कोणाला तिकडे जावं लागणार. एका सरकारी खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या यादीचं काम आमच्याकडे आलं. सर ते ऐकून गंभीर झाले.

त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली ती तेव्हाच. वडील संस्थानात कारकून म्हणून लागले. स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, ते मध्य भारताचे कारकून झाले. मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्याच टेबलाशी बसून ते मध्य प्रदेशाचे झाले. "बाबांनी खुर्ची न सोडता तीन सरकारं बघितली," सर म्हणाले. प्रत्येक वेळी यादी नव्याने लिहिली गेली. शेवटच्या वेळी कुणीतरी त्यांच्या नोकरीला लागल्याच्या तारखेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि वर नव्या राज्याची तारीख घातली. जुनं रजिस्टर रद्दीत गेलं होतं. ज्याला त्यांनी काम शिकवलं होतं तो माणूस एका दिवसात त्यांचा साहेब झाला. "निवृत्त होईपर्यंत बाबा एकच अर्ज लिहीत राहिले. पट्टी काढून खालचं वाचा, एवढंच मागत होते."

एवढं सांगून ते जैनसाहेबांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागून घेतलं. हे काम माझ्या पद्धतीने करू द्या. जैनसाहेबांनी मधला मार्ग काढला. मुख्य प्रोग्रॅम मॅडम करतील, फॉक्सप्रोत. सर आपल्या भाषेत त्याच मूळ याद्यांवरून वेगळी जाँच, म्हणजे पडताळणी, करतील. दोन्ही उत्तरं जुळली की यादी द्यायची. "सर, ये आपका इम्तिहान है," ते हसून म्हणाले. सर हसले नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाले, "चालू काम आहे, खरे लोक आहेत. इथे चाललं तर चाललं."

आता चूक काय झाली ते सांगते. खात्याने दोन याद्या दिल्या होत्या. एक सर्व्हिस बुकावरून केलेली. तीत माणूस नोकरीला लागताना जे नाव होतं ते. दुसरी, नवरा-बायको दोघंही नोकरीत आहेत अशांची, आजच्या नावांनी. अशा जोडप्यांना एकाच राज्यात ठेवायचं होतं. तेव्हा पहिल्या यादीतली कोणती बाई म्हणजे दुसऱ्या यादीतली कोणती, हे शोधायचं. नुसत्या जन्मतारखेवर भागत नव्हतं, कारण शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली एक जुलै ही निम्म्या खात्याची जन्मतारीख होती. मी नियम केला: जन्मतारीख तीच आणि पहिलं नाव तेच, तर बाई तीच, आडनाव लग्नाने बदललं. पहिलं नाव वेगळं असेल तर बाई वेगळी. जैनसाहेब म्हणाले, एकदम सही. त्यांच्या घरातल्या, गल्लीतल्या, सगळ्या माळव्यातल्या बायकांना तो नियम बरोबर बसत होता.

मराठी बाईचं पहिलं नावसुद्धा लग्नात बदलतं, हे मला सुचलं नाही. मला! जिची दोन नावांनी ओळख करून देणारा माणूस समोरच्या टेबलाशी बसला होता.

ज्या बायकांची जोडी लागली नाही त्यांच्यापुढे मी रिप्लेस मारून "पती नोकरीत नाही" असं लिहून टाकलं. दुसऱ्या यादीतली जी नावं उरली ती जास्तीची म्हणून काढून टाकली आणि पॅक मारला. पॅक म्हणजे काढलेल्या ओळी कायमच्या जाणं. काम कसं स्वच्छ झालं होतं.

यादी द्यायच्या दिवशी सर इंदूरला होते, त्यांच्या पत्नीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघण्याआधी सकाळी लवकर येऊन त्यांनी आपली जाँच मशीनवर लावली आणि मला बजावलं, "संध्याकाळपर्यंत संपेल. आपली दोन्ही उत्तरं मिळवून बघ, मगच दे." दुपारी खात्याचा माणूस यादी न्यायला येऊन बसला. प्रिंटर ज्या मशीनला जोडलेला होता त्याच मशीनवर सरांची जाँच चालू होती. जैनसाहेब दोनदा डोकावून गेले. "मैडम, दे दो न."

मी सरांचा प्रोग्रॅम बंद केला आणि माझी यादी छापली. कुणी पाहिलं नाही. मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी, सर अजून इंदूरलाच असताना, सुलभा मोघे नावाच्या बाई नवऱ्याबरोबर जिना चढून आल्या. खात्यात त्या लिपिक होत्या, नवरा दुसऱ्या एका कचेरीत. हातात आदेशाची प्रत होती. सर्व्हिस बुकात त्यांचं माहेरचं नाव होतं, कुसुम आपटे. कुसुम आपटे यांना छत्तीसगढात जगदलपूरला धाडलं होतं आणि सुलभा मोघे नावाची कुणी बाई खात्यात नाही असं म्हणत होते.

"अकरा वर्षं झाली मला तिथे," त्या म्हणाल्या. "मी नाही, तर मग रोज सही कोण करतंय?" आणि रडायला लागल्या. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, मुलगी दुसरीत होती. अशा आणखी दोघी निघाल्या. तिघी मराठी.

बाई बोलत होत्या आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं. नियम, रिप्लेस, पॅक, बंद केलेली जाँच. जैनसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "मैडम, जाँच किसने की थी?"

मी म्हटलं, "जाँच सरांची होती."

शब्दाला शब्द खरं होतं. आणखी एक वाक्य मी पुढे जोडलं: "त्यांचं लिहिलेलं मला तर वाचताच येत नाही." तेही खरंच होतं. दोन खरी वाक्यं बोलून मी इतका मोठा खोटेपणा केला, की आजही जैनसाहेबांचा तो प्रश्न आठवला की माझे कान गरम होतात.

सर दुसऱ्या दिवशी आले. जैनसाहेब त्यांना वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले, "सर, आपकी भाषा ने तो डुबो दिया." सरांनी आधी त्या तिघींची नावं विचारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शोभना, दोन्ही मिळवून बघितलं होतं ना?"

"हो, सर."

"मग माझ्याच जाँचमधून सुटलं," ते म्हणाले. जैनसाहेबांना हिंदीत पुन्हा तेच सांगितलं आणि आपली कॅलेंडरं गोळा करायला लागले. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. राहा असंही कुणी म्हटलं नाही. जिन्याशी मी त्यांच्या मागे गेले, काहीतरी सांगावं म्हणून. पण तेच बोलले. "एक काम कर. वेळ मिळाला की माझी जाँच पुन्हा चालव आणि कुठे चुकलं ते बोल मला. नोकरीसाठी नाही गं. मला समजलं पाहिजे."

रविवारी ऑफिसात कुणी नसताना मी ती चालवली. माझ्याकडे मूळ याद्या उरल्याच नव्हत्या. मी त्यांच्यावरच लिहीत गेले होते. सरांच्या फोल्डरात त्या जशाच्या तशा होत्या, आणि त्यांच्यापुढे प्रत्येक पायरीची नवी प्रत. सकाळी सातला लावलं, दुपारी चार वाजता संपलं. तिघी जिथल्या तिथे होत्या. कुसुम आपटे आणि सुलभा मोघे, एक बाई, दोन नावं. सरांनी पहिल्या नावावर काही ठरवलंच नव्हतं. वडिलांचं नाव, गाव, नोकरीला लागल्याची तारीख, सगळं मिळवून पाहिलं होतं आणि सापडलेलं प्रत्येक नाव त्या माणसापुढे ठेवून दिलं होतं. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी माझी स्वतःची माहिती दोन्ही प्रोग्रॅमांत घालून पाहिली. सरांच्यात मी एक होते. माझ्यात मी दोन बायका निघाले, आणि त्यातल्या एकीला माझा प्रोग्रॅम काढून टाकत होता.

मी टेबलावर डोकं टेकून रडले. आणि मग उठून सरांची यादी छापली, दुरुस्त यादी म्हणून खात्याला दिली. तिघींचे आदेश रद्द झाले. मोघेबाई पेढे घेऊन आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही मराठी आहात म्हणून तुम्हाला समजलं." जैनसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि पुढच्या कामाची प्रमुख मला केलं. मी पेढा खाल्ला.

सर दोनदा येऊन विचारून गेले. मी वेळ झाला नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा ते माधवनगरात भाजी घेताना भेटले. बरोबर माझे सासरे होते, आणि सून प्रमुख झाली हे त्यांनी चार लोकांना सांगितलेलं होतं. सरांनी पिशवी खाली ठेवली. "बघितलंस?"

"हो, सर."

"माझ्यातच होतं?"

त्या वेळी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "हो सर. तुम्ही पहिलं नाव धरलं होतं."

पिशवीकडे नेलेला हात त्यांनी मागे घेतला. "पण पहिलं नाव तर मी धरलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. स्वतःशीच आठवत राहिले. भाजीवाला मोड देत होता तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "कागदावर एक लिहिलं आणि मशीनवर दुसरं चढवलं असेल मी. वय झालं ना." आणि पिशवी उचलून, "बरं झालं तू बघितलंस. थँक्यू, बेटा."

सासरे म्हणाले, किती सज्जन माणूस. मी म्हटलं, हो.

त्याला बरीच वर्षं झाली. फॉक्सप्रो गेलं. माझा भाचा बंगलोरला आहे, तो आणि त्याच्या कंपनीतली मुलं त्याच जातीच्या भाषेत कामं करतात, आणि जुन्यावर लिहू नये, नवं करावं, हे मला शिकवतो. आता ते सगळ्या भाषांत शिरलं आहे म्हणे. मी ऐकून घेते. असल्या भाषा खऱ्या कामात चालतात का, यावर पूर्वी लोक तावातावाने भांडायचे. फ्रीगंजातल्या आमच्या जिन्यावरच्या खोलीत त्याचं उत्तर एका रविवारी दुपारी चार वाजता मिळालं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या भाजीबाजारानंतर सात-आठ वर्षांनी. टॉवरजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला गेले होते. जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला आणि मी थांबले. दार अर्धं उघडं होतं. सर खडूने फळ्यावर लिहीत होते, एक्स बरोबर एक्स अधिक एक. समोर वीस-पंचवीस मुलं-मुली. एका मुलाने विचारलं, "सर, इंटरनेट पे लिखा है कि फंक्शनल अच्छा होता है."

"किताब में अच्छा है, बेटा," सर म्हणाले. आवाज थकलेला होता पण शांत होता. "असली काम में नहीं चलता. मैंने खुद करके देखा है. मेरी ज़िद के कारण तीन औरतों का घर उजड़ते-उजड़ते बचा."

मी मागे फिरायला हवं होतं, किंवा आत जाऊन सांगायला हवं होतं. यातलं एक काही करायच्या आत त्यांनी वळून पाहिलं. चष्म्यातून नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, आओ, आओ! बच्चों, ये अनुराधा मैडम हैं, पहले की शोभना. मेरी विद्यार्थी. वो गलती इन्होंने पकड़ी थी. उन तीनों को इन्होंने बचाया." आणि मग कॉलेजात उठवायचे तसाच हात वर केला. "खड़े हो जाओ सब."

बाकं सरकली. सगळी मुलं उभी राहिली, "नमस्ते मैडम" म्हणाली. खडू हातात धरून सरही उभेच होते, माझ्याकडे कौतुकाने पाहत.

मी म्हटलं, "बैठो, बैठो."